घराचा चार्ज

कारभारी पगाऱ्यांच्या घरात चोरून न्यावं असं होतं तरी काय, हा प्रश्न पुढे हवालदारांनीही विचारला आणि पगाऱ्यांना त्याचं धड उत्तर देता आलं नाही. एक टीव्ही, एक लोखंडी कपाट, पाण्याची दोन पिंपं, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि परसात भिमाबाईंनी लावलेला मोगरा. मोगरा चोर नेत नाहीत. पण प्रश्न किमतीचा नव्हताच, प्रश्न चार्जचा होता. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर पगाऱ्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं, आणि त्या एकतीस वर्षांत कोणाला तरी लेखी चार्ज दिल्याशिवाय ते जेवायलासुद्धा बाहेर पडले नव्हते. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला ते पंगती उठल्यावर पोचले, कारण चार्ज घेणाऱ्या माणसाची सायकल वाटेत पंक्चर झाली होती. भिमाबाई ते लग्न अजून विसरल्या नव्हत्या.

आता स्टोअर सुटलं होतं आणि घराचा चार्ज अंगावर आला होता. भिमाबाई कल्याणला मुलाकडे जाऊन अकरा महिने झाले होते. सूनबाई यशोधरा जानेवारीत बाळंत झाली तेव्हा त्या महिनाभरासाठी म्हणून गेल्या. मग यशोधरेची नोकरी, महेंद्रची नोकरी, नात सायली एवढीशी, असं करत महिना लांबत गेला. निघताना भिमाबाई फाटकाशी घुटमळल्या होत्या. तेव्हा पगाऱ्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "तू बिनघोर जा. घराचा चार्ज माझ्याकडे. माझं काय अडतंय?"

माणूस असं एखादं वाक्य बोलून बसतो आणि मग त्याला ते निभवावं लागतं. अडत होतं तर सगळंच. रोज खिचडी खाऊन खिचडीवरचं मन उडालं होतं. सकाळी पेपर आला की पगारे तो मोठ्यानं वाचत, कारण घरात कोणाचा तरी आवाज हवा. बातम्या संपल्या की निविदा सूचना वाचत. पाटबंधाऱ्याच्या कामाची अनामत रक्कम किती, हे ते भिंतीला ठणकावून सांगत, आणि भिंतीनं काही विचारलं नाही की त्यांना उगाच वाईट वाटे.

मध्ये एकदा, सायलीच्या नामकरणाला, ते घराला कुलूप लावून दोन दिवस कल्याणला गेले होते. परत येऊन बघतात तर अंगणातल्या नळाची पितळी तोटी गायब. पाणी वाहून मोगऱ्याच्या आळ्याचं तळं झालेलं. एकतीस वर्षांत ज्यांच्या स्टोअरमधून एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही, त्यांच्या स्वतःच्या अंगणातून तोटी जावी! तेव्हापासून त्यांनी घर सोडलं नव्हतं.

गल्लीत फोन एकच, तो शेजारच्या गोरक्षनाथरावांकडे. गोरक्षनाथराव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. रविवारी दहाला महेंद्रचा फोन आला की ते भिंतीवरून स्टँडवरच्या आवाजात पुकारत, "पगारेसाहेब, कल्याण लागलं!" पगारे पायजमा सावरत धावत. फोन त्यांच्या बैठकीच्या खोलीत, विणलेल्या रुमालावर, आणि भोवती गोरक्षनाथरावांचं अख्खं कुटुंब पोहे खात बसलेलं. इतक्या कानांसमोर माणूस काय बोलणार? "सगळं ठीक. इकडची काळजी नको. ठेवतो," एवढंच पगारे अकरा महिने बोलत आले होते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी महेंद्र म्हणाला, "जय भीम, बाबा. चार जानेवारीला सायलीचा पहिला वाढदिवस. येताय ना?"

पगाऱ्यांच्या तोंडून "येतो" निघणारच होतं. तेवढ्यात भिमाबाईंनी फोन घेतला. "अवो, तुमी यावं आसं तर लई वाटतं. पर घराकडं कोन बघंल? मागल्या बारीला तोटी गेली."

"तेही खरंच," पगारे म्हणाले. भिमाबाई पलीकडे जरा वेळ थांबल्या. पगारेही थांबले. गोरक्षनाथरावांच्या घरातले सगळे पोहे खायचे थांबले. मग भिमाबाई "ठेवते" म्हणाल्या.

त्या दुपारी पगाऱ्यांना कॅमेऱ्याची कल्पना सुचली. ते निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी कारखान्याच्या गेटवर कॅमेरा बसला होता. तेव्हा त्यांना त्याचा राग आला होता, माणसांवर विश्वास नाही म्हणून. आता त्यांच्या लक्षात आलं की चार्ज द्यायला यापेक्षा लायक इसम नाही. तो जेवायला जात नाही, त्याच्या मेहुण्याचं लग्न निघत नाही, आणि त्याची सायकल पंक्चर होत नाही. कॅमेऱ्याला चार्ज देऊन चार दिवस कल्याणला जायचं. परत येऊन टेप बघितली की हिशेब चोख.

खरेदी म्हटली की तीन कोटेशनं. एक दुकान बघून वस्तू उचलणं पगाऱ्यांच्या रक्तात नव्हतं. पण नगरात घराला कॅमेरा विकणारा माणूस शोधता शोधता एकच निघाला, कापडबाजारामागच्या गल्लीतला इब्राहिम. तो टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करी आणि लग्नाची शूटिंग घेई. मग उरलेली दोन कोटेशनं पगाऱ्यांनी नियमासाठी गोळा केली. एक गोरक्षनाथरावांकडून तोंडी, कुत्र्याचं. "सोनईला माझ्या मेव्हण्याच्या वस्तीवर पिल्लं हायेत. फुकट घ्या." दुसरं एका पेंटरकडून, 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीचं, कुत्रा सोडून. पगाऱ्यांनी ताव आखून तिन्हींचा तुलनात्मक तक्ता केला. पाटी सर्वांत स्वस्त, देखभाल शून्य, पण चार्ज घेण्यास अपात्र. कुत्रा मूळ किमतीत मोफत, पण भाकरीचा खर्च आवर्ती, शिवाय मालक गावी गेल्यास त्याचाच चार्ज कोणाला तरी द्यावा लागणार. कॅमेरा महाग, पण मंजूर. खाली सही करून ताव फाइलला लावला. वाचणारं कोणी नव्हतं, तरी बरं वाटलं.

इब्राहिमनं एका सराफाच्या दुकानातून निघालेला काळा-पांढरा कॅमेरा दाखवला. "साहेब, माल एकदम खरा आहे. सराफानं नवा घेतला म्हणून हा सुटला. याला हा जुना व्हीसीआर जोडू. टीव्ही तुमचा आहेच. कोऱ्या कॅसेटचं दहाचं खोकं घ्या, स्वस्त पडतं." पगाऱ्यांनी त्याला चाळीसेक प्रश्न विचारले. भिंग कुठलं, वायर किती फूट, उंदीर वायर खातात का, खाल्ली तर जबाबदारी कोणाची. एक प्रश्न तेवढा राहिला, आणि तो कोणता ते पुढे येईलच.

कॅमेरा छज्ज्याला बसतोय तोवर सोसायटीची नोटीस आली. सेक्रेटरी म्हणून सही गोरक्षनाथरावांची, आणून दिली गोरक्षनाथरावांनीच, आणि नोटीस वाचून होईपर्यंत चहाही पगाऱ्यांकडेच घेतला. "माझं काय न्हाई वो, पगारेसाहेब, पर कमिटीत चर्चा झाली. तुमचा कॅमेरा रस्त्यावर बघनार. रस्ता सोसायटीचा. समोर बायामानसं कपडे वाळत घालत्यात. माझ्याकडं कोन येतं, कोन जातं, तेबी दिसनार. ना हरकत दाखला लागंल."

दाखल्यासाठी पगाऱ्यांनी अर्ज केला. अर्जाला घराचा नकाशा जोडा म्हणाले, तो जोडला. मग एका सभासदाच्या शंकेचं निरसन करा म्हणाले. शंका अशी की कॅमेऱ्याच्या किरणांनी दूध नासतं का. दूध घालणाऱ्या बायडाबाईंना साक्षीला बोलावून पगाऱ्यांनी कॅमेऱ्याखाली दूध ठेवून दाखवलं. नासलं नाही. शेवटी आठ दिवसांनी दाखला मिळाला, पण अट अशी पडली की कॅमेऱ्याचं तोंड फाटकाबाहेर जाता कामा नये. मग इब्राहिमनं तो सरळ खाली वाकवला. आता त्यात दिसे ती फक्त पगाऱ्यांची पायरी, फरशीचा पट्टा आणि फाटक, तेही डोक्यावरून. कोणी आलं तर त्याचा चेहरा नव्हे, टाळू दिसणार होती. "चोराची टाळू ओळखायची सवय होईल हळूहळू," इब्राहिम म्हणाला.

सगळं जोडून झालं. बटण दाबलं. टीव्हीवर करडं, मुंग्या आल्यासारखं फाटक दिसू लागलं. पगाऱ्यांचा ऊर भरून आला. खिशातून कल्याणच्या गाड्यांचं वेळापत्रक काढून त्यांनी सहज विचारलं, "आता हे चार दिवस असंच चालू राहील ना?"

इब्राहिमनं पक्कड खाली ठेवली. "चार दिवस? साहेब, कॅसेट तीन तासांची."

"आणि मग?"

"मग दुसरी टाकायची."

"कोणी?"

"घरात जो असेल त्यानं."

पगाऱ्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. चार दिवसांना बत्तीस कॅसेट, आणि दर तीन तासांनी एक माणूस. "घरात माणूस असला तर मग कॅमेरा कशाला?"

"तेच तर," इब्राहिम म्हणाला, जणू हे पगाऱ्यांना ठाऊक असूनच त्यांनी घेतलं होतं. "शिवाय लाइट गेली की व्हीसीआर बंद. आली तरी आपोआप चालू होत नाही. बटण दाबायला माणूस लागतो. चोवीस तासांचं मशीन येतं मुंबईला, पण त्या पैशांत स्कूटर येते, साहेब."

म्हणजे घर राखायला कॅमेरा, आणि कॅमेरा राखायला पगारे. पूर्वी एका घराचा चार्ज होता, आता घर, कॅमेरा, व्हीसीआर आणि दहा कॅसेट एवढ्यांचा झाला. पूर्वी निदान भाजी आणायला जाता येत होतं.

तोडगा गोरक्षनाथरावांनी काढला. नोटीस देणारेही तेच आणि मदतीला येणारेही तेच, गल्लीत माणसं थोडी असली की असं होतं. "चोर येतो कवा? दुपारी एक ते चार. सारी गल्ली झोपलेली आसती. तेवढंच रेकॉर्डिंग करायचं. तुमी कल्यानला जा, मी रोज एक वाजता येऊन कॅसेट टाकीन. पर आदी एक दिवस ट्रायल घ्या. तुमी घरात न्हाई असं समजून."

ट्रायलला पगाऱ्यांनी वीस डिसेंबर, शनिवार ठरवला. त्या दिवशी वीज जात नसे. बरोबर एकला बटण दाबलं, आणि आपण कल्याणला गेलो आहोत असं धरून ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसले. आवाज करायचा नाही, हलायचं नाही. तीन तास त्यांनी ही गैरहजेरी मोठ्या निष्ठेनं पाळली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. चारला टेप संपल्याचा खटका वाजला तेव्हा ते प्रवासातून आल्यासारखे दमले होते.

पाचला गोरक्षनाथराव टेप बघायला आले. पहिली वीस मिनिटं फाटकच होतं. मग फाटकावर चिमणी बसली. दोघांना फार आनंद झाला. चिमणी उडाली. पगाऱ्यांनी टेप पुढे पळवायला सुरुवात केली, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, आणि त्या रेघांतून एक माणूस तुरुतुरु फाटकाकडे गेला.

"थांबवा!" गोरक्षनाथराव ओरडले.

टेप मागे घेतली. टक्कल पडलेला एक इसम, अंगात स्वेटर, खाली पायजमा. तो फाटकाशी आला, दांडीवर हात ठेवला, मान लांब करून डावीकडे बघत उभा राहिला, आणि परत फिरला. पुन्हा टेप पुढे. पुन्हा तोच. पुन्हा दांडी, पुन्हा डावीकडे. तीन तासांत अकरा वेळा.

"हा येतोय कुठून?" पगारे पडद्याजवळ सरकले. "बाहेरून नाही. चित्राच्या खालच्या अंगानं येतोय. म्हणजे घराकडून. गोरक्षनाथराव, हा आवारातच लपलाय!"

दोघांनी मागच्या दाराकडे बघितलं. गोरक्षनाथरावांनी काठी मागितली, पगाऱ्यांनी पोळपाट घेतला, आणि दोघांनी मिळून मोगरा, मोरी, पिंपांच्या मागची जागा आणि कोळशाची जुनी पेटी तपासली. कोणी नव्हतं. "सराईत हाय," गोरक्षनाथराव म्हणाले. "दर बारीला त्याच बाजूला बघतोय. कुनाची तरी वाट बघतोय हा. साथीदार आसनार. आन् पगारेसाहेब, ह्याला मी कुठंतरी पाहिलाय."

पगाऱ्यांनाही तो पाहिल्यासारखा वाटत होता. त्याच्याबद्दल त्यांना भीती वाटत होती आणि, का कोण जाणे, थोडी दयाही येत होती. इतक्या वेळा जाऊन कोणीच येत नाही म्हणजे साथीदारानंही याला फसवलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवरून हवालदार आबासाहेब आले. बातमी फिरली होती, त्यामुळे त्यांच्यामागून अर्धी गल्ली घरात शिरली. बायडाबाई दुधाची किटली घेऊन उंबऱ्यात बसल्या. अकरा महिन्यांत पगाऱ्यांच्या घरात इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती. कप कमी पडले म्हणून शेजारून आणावे लागले. पगारे स्वयंपाकघरात चहा गाळत होते, बाहेरून बोलण्याचा कालवा ऐकू येत होता, आणि चोर घरात शिरल्याच्या प्रसंगी शोभणार नाही इतका त्यांना आनंद झाला होता. चोर रोज आला असता तरी त्यांची हरकत नव्हती.

आबासाहेबांनी टेप बघत वहीत लिहायला घेतलं. "घरात किमती ऐवज काय?" पगारे गडबडले. आबासाहेबांनी ती जागा मोकळी सोडली आणि पुढे लिहिलं. "इसम वय अंदाजे साठ. मध्यम बांधा. टाळूवर टक्कल. चालताना डाव्या हाताने पायजमा सावरण्याची सवय." एवढं लिहून त्यांनी मान वर केली. समोरून पगारे चहाचा ट्रे घेऊन येत होते. ट्रे उजव्या हातात तोललेला होता, आणि डाव्या हातानं पायजमा सावरलेला.

आबासाहेबांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा पगाऱ्यांकडे बघितलं. "पगारे, ट्रे ठेवा खाली. जरा फाटकापर्यंत जाऊन या."

"कशाला?"

"जागेची पाहणी."

पगारे गेले. आबासाहेबांनी टेप थांबवून कॅमेऱ्याचं चालू चित्र लावलं. फाटकाच्या दांडीवर हात ठेवतात न ठेवतात तोच आतून हसण्याचा असा मोठा लोट आला की मोगऱ्यावरची चिमणी उडाली. ते धावत आत आले. टीव्हीवर रिकामं फाटक होतं आणि सगळी गल्ली पोट धरून बसली होती. आबासाहेबांनी कालची टेप पुन्हा लावून दाखवली. पगाऱ्यांचा हात आपोआप टाळूवर गेला. पुढचं टक्कल त्यांना ठाऊक होतं. मागे इतकी वाताहत झाली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारं माणूस कल्याणला होतं.

"म्हणजे फिर्यादी तुमी, आन् आरोपीबी तुमी," आबासाहेब डोळे पुसत म्हणाले. "कलम कुठलं लावू? पर एक सांगा, पगारे. अकरा बारी जाऊन बघत काय हुता?"

"काही नाही," पगारे म्हणाले. "रस्ता."

"डावीकडंच का?"

पगारे ट्रेमधले कप सारखे करू लागले. एसटीत सारी हयात गेलेल्या गोरक्षनाथरावांच्या तोंडून निघून गेलं, "डावीकडनं रिक्षा येत्यात. स्टँडावरनं."

हसणं थांबलं. कोणी चहाचा घोट घेतला, कोणी कप खाली ठेवला. बायडाबाई किटली उचलून उठल्या. "एकल्या मानसाला घर खायाला उठतं, दादा. त्यात हसन्यासारखं काय हाय?"

पाच मिनिटांत घर रिकामं झालं. लोक हसले याचं पगाऱ्यांना एवढं वाटलं नाही. लोक हसायचे थांबले, हे मात्र त्यांना फार लागलं. चोरी झाली असती तर सांगता आली असती. हे कोणाला आणि कसं सांगणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण अकरा वेळा उठून गेलो हे त्यांना स्वतःला आठवत नव्हतं. एकच वेळ आठवत होती, रिक्षाचा आवाज आला होता तेव्हाची.

थोड्या वेळानं भिंतीवरून "कल्याण लागलं!" आलं, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की अंघोळीला बसलोय. त्यानंतर ते फाटकाकडे गेलेच नाहीत. दिवसभर खिडकीला पाठ करून बसले. निविदासुद्धा मनातल्या मनात वाचल्या.

मंगळवारी त्यांनी कॅमेरा आणि व्हीसीआर इब्राहिमला परत नेऊन दिला. इब्राहिमपर्यंत सगळी हकिगत पोचली होती, पण त्यानं तसं दाखवलं नाही. फडक्यानं कॅमेरा पुसत तो म्हणाला, "साहेब, आमची लेक खुर्शीद सोलापूरला दिलीय. तिची एसटी यायच्या दिवशी मी पण दुकानातून किती वेळा उठतो अल्ला जाणे. माझ्या दाराला कॅमेरा नाही एवढंच." त्यानं पैसेही जवळजवळ पुरे परत केले.

उरलं कॅसेटचं खोकं. गोरक्षनाथराव नाताळात एसटीच्या पासावर लेकीकडे उल्हासनगरला निघाले होते. सायलीच्या वाढदिवसाची शूटिंग घ्यायला कामी येतील म्हणून पगाऱ्यांनी खोकं त्यांच्याबरोबर कल्याणला द्यायचं ठरवलं. आत चिठ्ठी टाकली, 'कोऱ्या कॅसेट, नग ९', खाली सही आणि तारीख. दहावी, ती ट्रायलची, कपाटावर ठेवली होती. खोकं बांधायला सुतळी आणायला ते आत गेले, तेव्हा गोरक्षनाथराव बाहेरच्या खोलीत एकटेच होते. नंतर दहावी कॅसेट सापडेना. स्टोअरमध्ये कधी झालं नव्हतं ते घरात झालं, एक नग कमी आला. पगाऱ्यांनी दोन दिवस घर उलटंपालटं केलं.

अठ्ठावीस डिसेंबरला रविवार होता. दहाला गोरक्षनाथरावांचा आवाज आला, पण पुकारा नेहमीचा नव्हता. ते स्वतः फाटकापर्यंत आले होते. "पगारेसाहेब, फोन हाय. वहिनींचा." आत गेल्यावर पगाऱ्यांनी बघितलं, तर बैठकीच्या खोलीत कोणीच नव्हतं. गोरक्षनाथरावांनी अख्खं कुटुंब पोह्यांच्या बशांसकट अंगणात नेऊन बसवलं होतं, आणि जाताना दारही ओढून घेतलं.

"अवो," भिमाबाई म्हणाल्या, "चिठ्ठीत नऊ लिवलं, खोक्यात धा निघाल्या. तुमच्या हातनं आकडा चुकत न्हाई. म्हनून म्हनलं लावून बघावी."

पगाऱ्यांनी डोळे मिटले. "बघितलीस?"

"म्हेंद्रानं लावून दिली. मी एकलीच बसले हुते, सायलीला मांडीवर घिऊन. तीन तास बघितली."

"तीन तास? पुढे पळवता येते ती."

"न्हाई पळवली. मला वाटलं, मदी कवा याल तर हुकंल. अकरा बारी आलात. मी मोजलं."

पगाऱ्यांनी आजूबाजूला बघितलं. ऐकणारं कोणी नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच नेहमीचं "सगळं ठीक" तोंडातून निघेना. "भिमा," ते म्हणाले, "मला इथं करमत नाही गं. मुळीच करमत नाही."

"मंग सांगायचं न्हाई व्हय? मी बापडी समजले, तुमास्नी घर सोडवत न्हाई."

"तूच म्हणालीस, घराकडे कोण बघेल."

"मी म्हनले, आन् गप राह्यले. वाटलं, आता तरी म्हनाल, जाऊ दे तिकडं घर."

मग पगाऱ्यांनी विचारलं, "सायली काय करत होती?"

"तुमी आला की पडद्याला हात लावायची. तुमच्या टकलावर थापट्या मारीत हुती."

पगारे हसले, आणि हसता हसता त्यांना तोंड पुसावंसं वाटलं, पण रुमाल घरी राहिला होता. स्वेटरच्या बाहीनं भागवलं. तरीही एकतीस वर्षांची सवय शेवटचं एकदा आडवी आलीच. "येतो गं. पण चार्ज असा टाकून येता येत नाही. मोकळं केल्याचं लेखी लागतं."

"मंग घ्या लिवून," भिमाबाई म्हणाल्या.

पगाऱ्यांनी फोनजवळचं पेन उचललं, गोरक्षनाथरावांच्या दिनदर्शिकेचा संपत आलेला डिसेंबर फाडून उलटा केला, आणि पलीकडून येईल तसं लिहीत गेले. 'श्री. कारभारी पगारे यांना घराच्या चार्जमधून आजपासून मोकळं केलं आहे. घराला कुलूप लावावं. तोटी गेली तर जाऊ द्यावी.'

"खाली सही लागते," पगारे म्हणाले.

"सही हितं येऊन घ्या," भिमाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी पगाऱ्यांनी घराला कुलूप लावलं. तो कागद घडी करून वरच्या खिशात होता. गोरक्षनाथरावांनी आणलेली रिक्षा फाटकाशी उभी होती, ती डावीकडूनच आली होती. बसायच्या आधी पगारे परत जाऊन कुलूप ओढून आले. बसल्यावर उतरून पुन्हा एकदा ओढून आले. रिक्षा वळणापर्यंत गेली तिथूनही त्यांनी ती परत आणली. एकंदर किती वेळा ते कुणाला सांगता येणार नाही, कारण छज्ज्याला आता कॅमेरा नव्हता.